पावसाळ्यात कागदी फुलं करायला घेतेस, तर

पहिलं सांगते, कागद नीट निवड. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत लगेच मऊ पडतो, पाकळी मान टाकते. गुंडाळून करायच्या गुलाबाला 120 च्या आसपासचा कार्डपेपर घे. क्रेपही चालेल, पण त्यावर पाण्याचा थेंब पडू देऊ नकोस, रंग उतरतो.

सुरुवात चाफ्यानेच कर. पाच पाकळ्या, आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीच्या खाली. हा क्रम एकाच दिशेने फिरायला हवा. एक जरी उलटी बसली तरी चाफा वाटतच नाही. दारातलं फूल खुडून समोर ठेव, पाकळीची कड कशी वळलीय ते बघ. तो बाक लिहून संपलेल्या पेनाने आणायचा: पाकळी तळहातावर धरून हलकेच दाबत ओढायची. मधला पिवळा कोरड्या खडूची पूड बोटाने चोळून दे. बाहेर जाता जाता तो आपोआप फिकट होतो, आणि मला तरी रंगापेक्षा हेच जास्त आवडतं.

फेविकॉल टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच. जास्त लावलास तर कागद फुगतो, आणि पावसात तो वाळतही नाही लवकर. फूल भेटीच्या पाकिटावर चिकटवायचं असेल तर हॉट ग्लू, म्हणजे वितळवून लावायचा गोंद, नको, जाड गोळा राहतो.

गणपतीच्या भेटींसाठी आत्ताच करत असशील तर घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. फुलं एकावर एक मात्र रचू नकोस.