सरकणारे फोटो थांबवा, घंगाळ जवळून दाखवा

प्रश्न : ताई, आजोबांनी जमवलेली तांब्यापितळेची जुनी भांडी आहेत आमच्याकडे, घंगाळं, बंब, तपेल्या मिळून दोनशेच्या आसपास. भाच्याने वेबसाइट करून दिली, वर आठ फोटो आपोआप सरकतात आणि खाली यादी, पण लोक येतात नि लगेच जातात. मोठ्या म्युझियमच्या साइटवर मी स्वतः तासभर रमते, ते काय वेगळं करतात? आणि फोटो कोणी चोरले तर? फोटोवर आपल्या नावाचा पुसट शिक्का, म्हणजे वॉटरमार्क, टाकू का?
– एक वाचक, तांबट आळी, नाशिक

उत्तर : अहो, आधी ते सरकणं बंद करा. माणूस घंगाळाच्या कडीकडे बघायला लागतो तोवर फोटो गेलेला असतो, मग तो थांबणार कसा. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ मध्ये आपल्या साइटवर राइक्सस्टुडिओ सुरू केला, तिथे चित्र मोठं उघडतं, झूम करा, आवडलेला तुकडा कापून ठेवा, फुकट डाउनलोड करा. म्हणजे फोटो बघणाऱ्याच्या हातात दिला, रमायला होतं ते त्यामुळे. रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ या चित्राचा तर २०२२ मध्ये त्यांनी ८,४३९ फोटो जोडून ७१,७०० कोटी पिक्सेलचा एकच फोटो टाकला, रंगाला गेलेले बारीक तडेसुद्धा दिसतात.

एवढं लांब कशाला, आपलं नाशिकजवळचं जोगलटेंभी घ्या. १९०६ मध्ये तिथे क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली आणि त्यातल्या ९ हजारांवर नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलाय. लांबून फोटो काढला तर नुसतं झिजलेलं नाणं दिसतं, पण बाजूने उजेड टाकून जवळून काढा, हरलेल्या राजाच्या चेहऱ्यावर चढलेल्या, जिंकणाऱ्याच्या शिक्क्यातल्या तीन कमानी दिसतात, आणि अख्खी लढाई नखाएवढ्या चांदीत कळते! मला हे फार आवडतं.

तुमच्या भांड्यांवरही असंच काहीतरी असणार, ठिपक्यांनी कोरलेलं सासूबाईंचं नाव, तांबटाच्या हातोडीचे ठोके, कल्हई उडालेली जागा. होमपेजवर एकच घंगाळ ठेवा, स्क्रीनभर, आणि बोटाने मोठं केलं की ते नाव वाचता आलं पाहिजे. फ्लॅश नको, पितळ चमकतं, खिडकीशी तिरप्या उजेडात काढा. एका फोटोत कोणाचा तरी हात येऊ द्या म्हणजे आकार कळेल. भाच्याला सांगा, पानावर हलकी फाइल आणि झूम केल्यावरच जड, नाहीतर मोबाइलवर गोल चक्र फिरत बसतं. आणि ‘भांडं क्र. १४’ असं लिहू नका, कोणाच्या घरातलं, त्यात काय तापायचं ते लिहा. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोमागे दोन ओळींचं वर्णनही टाका, स्क्रीन रीडर ते वाचून दाखवतो.

वॉटरमार्क मात्र नको, तो नेमका कोरलेल्या नावावर येतो. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ मध्ये पावणेचार लाख फोटो कुणालाही कशालाही वापरायला मोकळे केले. कोणी तुमच्या बंबाचा फोटो नेला तर नेऊ दे, खाली तुमच्या संग्रहाचं नाव लिहा एवढंच सांगा.