सोनोग्राफी नॉर्मल असूनही एंडोमेट्रिओसिस असू शकतो का? पुढे मूल होण्यात अडचण येते का?

असू शकतो. या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो. पोटातल्या आवरणावर त्याचे बारीक ठिपके असतील तर साध्या सोनोग्राफीत ते दिसतच नाहीत. अंडाशयात चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) असेल तर ती बहुधा सापडते. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत' म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

तुम्ही लिहिलंय की पाळीतल्या दुखण्यावर तुमची आई म्हणते, "आपल्या घरात सगळ्यांनाच दुखतं." हे वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडेही हेच वाक्य. शाळेत मी पाळीच्या दिवशी बाकावर दुमडून बसायचे, उलट्या व्हायच्या, शौचाला बसलं की घाम फुटेल अशी कळ यायची. आई म्हणायची, मलाही असंच व्हायचं. मावशीच्या मते ती नाटकं होती, "आम्ही अशातच घरचं सगळं करत होतो." मावशीला मूल झालं नाही, आणि त्याचा दोष सगळ्यांनी तिच्या नशिबाला दिला. तिला हाच आजार होता असं मी म्हणत नाही, कारण तिला कुणी तपासलंच नाही. पण पुढे लॅप्रोस्कोपीत (पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीने केलेल्या तपासणीत) माझं निदान झाल्यावर मी तिला ऐकवलं: आई-बहिणीला हा आजार असला तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते, म्हणजे घरात सगळ्यांना दुखत असेल तर उलट आधी तपासायला हवं! "फार शिकलीस," म्हणाली.

आणखी एक, 'लग्न होऊ दे, मूल झालं की थांबेल.' मला मुलगी झाली (आयव्हीएफने). पाळी परत सुरू झाली तसं दुखणंही परत आलं. गरोदरपण हा यावरचा इलाज नाही, आणि तो इलाज म्हणून सुचवणाऱ्या डॉक्टरकडे पुन्हा जाऊ नका.

तुम्ही काय बघायचं? गोळी घेऊनही शाळा-ऑफिस बुडतं का, पाळीत शौच-लघवीला दुखतं का, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं का. हे सगळं तारखांसकट लिहून न्या. याआधी फक्त पोटावरून सोनोग्राफी झाली असेल तर योनीमार्गातून केलेली किंवा एमआरआय लागेल का ते विचारा. लॅप्रोस्कोपीची घाई नको. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसारही निदानासाठी ती दरवेळी लागत नाही, लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

मुलाचं म्हणाल तर अडचण येऊ शकते, पण बऱ्याच जणींना आपोआप दिवस राहतात. हार्मोनच्या गोळ्या दुखणं दाबतात, दिवस राहायला मदत करत नाहीत. पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून जमलं नाही तर वाट बघत थांबू नका, डॉक्टरांना भेटा; निदान आधीच झालं असेल तर तेवढंही नको. सिस्ट काढायची म्हणाले तर आधी एएमएच (अंडाशयात बीजं किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या, त्या ऑपरेशनमध्ये अंडाशयातली चांगली बीजंही जातात.

अर्थात प्रत्येक दुखणं एंडोमेट्रिओसिसचंच नसतं, फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा अ‍ॅडिनोमायोसिसही (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं) असू शकतो. मी डॉक्टर नाही.