सांगाड्यावरून खुनाचा छडा लावणारा, हार्वर्डची प्रयोगशाळा दाखवणारा जुना कृष्णधवल चित्रपट कोणता?

तुम्ही शोधताय तो बहुतेक ‘मिस्टरी स्ट्रीट’ (1950) असणार. दिग्दर्शक जॉन स्टर्जेस, निर्मिती एमजीएमची. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही खुणा त्यात जुळतात: केप कॉडच्या किनाऱ्यावर वाळूत सापडलेला सांगाडा, आणि हार्वर्डच्या न्यायवैद्यक विभागात त्यावर चाललेलं काम. तपास अधिकारी म्हणजे रिकार्डो मोंटलबान. तोवर त्याला बहुतेक लॅटिन प्रियकराच्याच भूमिका मिळत. इथे तो साधा, घाम गाळणारा पोलीस आहे, आणि शोभतोही. डॉ. मॅकअ‍ॅडू (ब्रूस बेनेट) हाडांवरून वय, लिंग, बांधा सांगतात तेव्हा तो शाळकरी पोरासारखा ऐकत राहतो. ओळख पटवण्याचा प्रसंग तर चुकवू नकाच: बेपत्ता मुलींचे फोटो एकेक करून कवटीच्या प्रतिमेवर टाकले जातात. हनुवटी जुळत नाही, पुढचा फोटो. कपाळ जुळत नाही, पुढचा. छायाचित्रण जॉन आल्टनचं, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या सावल्याही बघण्यासारख्या.

फक्त कवटी-फोटो जुळणीला चित्रपटात दाखवलंय तितकं पक्कं समजू नका. ‘ही व्यक्ती ती नव्हे’ हे सांगायला ती पद्धत चांगली. ‘हीच ती’ म्हणायला दात किंवा डीएनएसारखा दुसरा पुरावा लागतो, आणि 1950 मध्ये डीएनए चाचणी नव्हतीच.