शरीरात खनिजे कमी असली, तर विषाणुसंसर्ग अधिक तीव्र होतो का?

होय, आणि सेलेनियमच्या बाबतीत हा संबंध वाटतो त्याहून खोल आहे. चीनमधील केशान येथे १९३५ मध्ये नोंदवला गेलेला हृदयस्नायूंचा आजार सेलेनियमची उणीव असलेल्या मातीच्या पट्ट्यात आढळत असे. मात्र त्याचे प्रमाण ऋतूनुसार बदलत असल्याने विषाणूचाही संशय आला. पुढे उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की एरवी निरुपद्रवी असलेला कॉक्सॅकी बी३ विषाणू सेलेनियमचा अभाव असलेल्या उंदरांत वाढताना त्याच्या जनुकीय रचनेत बदल होऊन घातक बनतो आणि त्यानंतर सुपोषित उंदरांच्या हृदयालाही इजा करतो. म्हणजे कुपोषण केवळ यजमानाला, अर्थात ज्याच्या शरीरात विषाणू वाढतो त्या जीवाला, दुबळे करत नाही, तर विषाणूलाही बदलू शकते. मला तरी हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो.

जस्ताची कमतरता असल्यास छातीतील थायमस ग्रंथी आक्रसते व तिथे परिपक्व होणाऱ्या टी-पेशी (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटतात. लोहाचे गणित गुंतागुंतीचे आहे, कारण ते रोगजंतूंनाही हवे असते आणि म्हणूनच संसर्गकाळात शरीर रक्तातील लोह स्वतःहून कमी करते.

कमतरता नसताना गोळ्या घेण्याचा उत्साह मात्र आवरावा: जस्ताचे दीर्घकाळ अतिसेवन केल्यास तांब्याचे शोषण रोखले जाते आणि संरक्षक पांढऱ्या पेशीच कमी होतात.