वेळ-वापर सर्वेक्षणातून घरकामाचा फायदा कोणाला, हे कसं काढायचं?

माणसाचा दिवस कशाकशात गेला, हे या सर्वेक्षणात नोंदवतात. त्यातून काम कोणी केलं ते कळतं. कोणासाठी, ते आपणच वाटून काढायचं. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट घरातल्या सगळ्यांत समान वाटा. सोलापुरातल्या पाच जणांच्या घरात बाईची 300 मिनिटं गेली, तर प्रत्येकी 60. स्वतःची सोडून 240 इतरांना. लहान मुलांची, आजाऱ्यांची देखभाल मात्र थेट त्यांच्याच नावावर. मुलं दोन-तीन असली, तर अनेक घरांच्या आकड्यांवरून वयानुसार वाटा ठरवा.

खरी गडबड विडी वळणाऱ्या घरांत. नोंद पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4, अर्ध्या-अर्ध्या तासाची. विड्या वळता वळता नातवावर नजर असतेच. त्या अर्ध्या तासाचं नुसतं मुख्य काम, म्हणजे विड्या, धरलं की देखभाल गायब! विड्यांची मजुरी मिळते, म्हणून ती मिनिटं घरकामात नकोत. सोबतची देखभाल वेगळ्या रकान्यात दाखवा, नाहीतर दिवस 24 तासांहून मोठा होतो.