तळच्या कप्प्यातील चित्रपुस्तके

प्रश्न : चार वर्षांच्या नातीसाठी पुस्तके शोधताना आमच्या सार्वजनिक वाचनालयात तळच्या कप्प्यात अचानक सुंदर चित्रपुस्तके सापडली. ती इतकी दडलेली का असतात, आणि मजकूर इतका थोडा असताना वाचून दाखवायची कशी?
– एक आजी, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : छपाईचा मोठा कागद दुमडला की पाने आठाच्या किंवा सोळाच्या पटीत होतात, त्यामुळे चित्रपुस्तक बहुधा १६, २४ किंवा ३२ पानांचे असते, आणि एवढ्या बारीक पुस्तकाच्या कण्यावर नाव मावत नसल्याने ते जाडजूड पुस्तकांत हरवते. ग्रंथपालांना विनंती केल्यास ती मुखपृष्ठ समोर ठेवून मांडता येतील. (विनंती दुपारी एक ते चार या वेळेत करू नये, हे पुणेकरांना सांगायला नको.)

वाचताना मात्र घाई नको. माधुरी पुरंदरे यांच्यासारख्या लेखिका चित्रेही स्वतःच काढतात, तेव्हा शब्दांनी गाळलेले बरेच काही चित्रात असते. म्हणून आधी नातीला पान न्याहाळू द्यावे, तिने बोट ठेवलेल्या वस्तूबद्दल बोलावे आणि मगच ओळ वाचावी. तेच पुस्तक तिने पुन्हा मागितले, तर मुदत वाढवून घ्यावी.