पाळणाघराची फी एचएसएमधून? नको रे बाबा!

अमेरिकेत नवीन आहेस म्हणून आधीच सांगतो. एचएसएचं (म्हणजे औषधपाण्यासाठीच्या करमुक्त बचत खात्याचं) कार्ड डेकेअरमध्ये चालेलही, पण आयआरएसच्या (तिथल्या आयकर खात्याच्या) लेखी तो वैद्यकीय खर्च नव्हे. पासष्टीच्या आत असे पैसे काढलेस तर त्यावर इन्कम टॅक्स आणि वर २० टक्के दंड.

तुला हवंय ते डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मुलं सांभाळण्याच्या खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला काढायचं खातं. कंपनी देत असेल तर ओपन एन्रोलमेंटमध्ये (कंपनीच्या सुविधा निवडायच्या वार्षिक मुदतीत) घे. बाळ झाल्यावरही ठरावीक दिवसांत घेता येतं. एचएसएसोबत ते बिनधास्त चालतं. २०२६पासून कुटुंबाची मर्यादा ७,५०० डॉलर. अट एकच जाचक: नवरा-बायको दोघंही नोकरी करणारे, पूर्णवेळ शिकणारे किंवा काम शोधणारे हवेत. आणि हो, उरलेले पैसे बुडतात, तेव्हा आजी भारतातून सहा महिने येणार असेल आणि पाळणाघर लागणार नसेल, तर बाजूला काढायचा आकडा जपून टाक.